सत्तावीस तासांचा हिशेब

कैनाडमध्ये बसून वैमानिकांच्या हृदयाची चर्चा म्हणजे जरा लांबचा विषय वाटेल. पण पहाटेची डहाणू लोकल गाठणारे, कारखान्यात रात्रपाळी करणारे आपल्यातही आहेत. प्रश्न त्यांचाही आहे.

१७ ऑगस्ट २०२३. नागपूरहून पुण्याला विमान नेणारे इंडिगोचे एक वैमानिक बोर्डिंग गेटजवळ कोसळले. ते वाचले नाहीत. आदल्या पहाटे त्यांनी दोन उड्डाणं केली होती, नंतर सत्तावीस तासांची विश्रांती मिळाली होती, असं सांगितलं गेलं. म्हणजे नियम पाळला. आमचा आक्षेप इथेच थांबण्याला आहे.

कामामुळेच मृत्यू झाला, असं आम्ही म्हणत नाही. एका घटनेवरून ते ठरतच नाही. पण नियम पाळला म्हणून धोका नव्हता, हेही ठरत नाही. रात्रीच्या झोपेत रक्तदाब साधारण दहा ते वीस टक्के उतरतो. जागरणात हृदयाला ही उसंत मिळत नाही. दिवसा झोपून तास भरतात, पण शरीराचं घड्याळ इतक्या लवकर फिरत नाही. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधल्या २०१२च्या एकत्रित अभ्यासात पाळीत काम करणाऱ्यांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याचा धोका २३ टक्के जास्त दिसला.

यावर उत्तर येतं, की वैमानिकांत हृदयरोगाचे मृत्यू सर्वसामान्यांपेक्षा कमी असतात. खरं आहे. पण मुळात निरोगी माणसंच निवडायची, तपासणीत नापास झाला की बाहेर काढायचा, आणि उरलेल्यांची तुलना सगळ्या गावाशी करायची, हा कुठला न्याय? तुलना हवी ती जास्त रात्री उडणाऱ्यांची आणि कमी रात्री उडणाऱ्यांची.

डीजीसीएने जानेवारी २०२४ मध्ये नियम बदलले, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास, रात्रीची लँडिंग सहावरून दोन. पण अंमल लांबला. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा तिला रात्रीच्या काही नियमांतून तात्पुरती सूट दिली गेली. माणसं कमी पडली कंपनीला, आणि भार परत आला जागणाऱ्यांवर.

तास मोजणं गरजेचं आहे, पण ते तास दिवसाचे की रात्रीचे, आणि अशा रात्री लागोपाठ किती, हे विचारल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. हाच प्रश्न आपल्याकडच्या रात्रपाळीच्या हजेरीपुस्तकालाही विचारून पाहा.