जपानी शुभनाण्यातील श्लेष

जपानमधील शिंतो देवालयात अथवा बौद्ध मंदिरात दर्शनास आलेला मनुष्य दानपेटीत जे नाणे टाकतो ते पुष्कळदा पाच येनचे असते. पितळेचे, मध्यभागी वाटोळे छिद्र असलेले हे नाणे किमतीने क्षुल्लक आहे. तथापि शुभ नाणे म्हणून त्यास जो मान आहे, तो त्याच्या शंभरपट किमतीच्या नाण्यास नाही. या मानाची कारणे सामान्यतः दोन सांगण्यात येतात : नाण्यावरील चित्रे आणि सच्छिद्र नाण्यांची प्राचीन परंपरा. ही दोन्ही कारणे तपासून पाहिली असता अपुरी ठरतात.

प्रथम चित्रांचा विचार. नाण्यावर भाताची लोंबी, पाण्याच्या आडव्या रेषा आणि छिद्राभोवती दंतचक्र आहे. ही अनुक्रमे शेती, मासेमारी व उद्योग यांची चिन्हे होत. १९४९ मध्ये सच्छिद्र नाणे निघाले तेव्हा युद्धोत्तर पुनर्रचनेचा संकल्प शासनाने त्यावर कोरला. परंतु देवापुढे उभ्या असलेल्या माणसाची प्रार्थना मासेमारीच्या वाढीसाठी नसते. चित्रावर आधारलेले शुभत्व पाहावयाचे तर आसुका येथील उत्खननात १९९८ मध्ये सापडलेली सातव्या शतकातील ‘फुहोन’ नाणी पाहावीत. त्यांवर समृद्धीचे मूळ सूचित करणारी दोन अक्षरे व सात ठिपके आहेत. ती व्यवहारातील नाणी की केवळ मंगलचिन्हे, असा वाद त्यामुळेच उद्भवला.

आता परंपरेचा विचार. सच्छिद्र नाणी जपानात फार जुनी आहेत, हे खरे. पण त्यांचा संकेत एकच नव्हता. मृताबरोबर सहा नाणी ठेवण्याची चाल होती. सान्झु ही परलोकाची नदी ओलांडण्याचे ते भाडे. सानादा या योद्ध्यांच्या घराण्याने हीच सहा नाणी आपले कुलचिन्ह केली, आणि ती मरणाच्या सिद्धतेची खूण ठरली. म्हणजे आकार तोच असूनही अर्थ निराळा होता. आकारावरून शुभत्व सिद्ध होत नाही.

खरे कारण शब्दात आहे. आपण ज्यास येन म्हणतो त्याचा जपानी उच्चार ‘एन’; पाच येन म्हणजे ‘गोएन’. ‘एन’ या उच्चाराचा दुसरा एक शब्द संबंध, योगायोगाने जुळलेले नाते या अर्थी आहे आणि आदरार्थी ‘गो’ लागून तोही ‘गोएन’ होतो. बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांत संस्कृत ‘प्रत्यय’ या संज्ञेसाठी योजिलेले अक्षर हेच. सारांश, पाच येन टाकणारा मनुष्य धन मागत नाही. संबंध जुळावा असे मागतो.

संस्कृत साहित्यशास्त्रात शब्दश्लेषाची एक कसोटी आहे : शब्दाऐवजी त्याचा पर्याय घातला असता श्लेष नष्ट झाला पाहिजे. ती येथे तंतोतंत लागू पडते. पन्नास येनच्या नाण्यासही छिद्र आहे, परंतु त्यास तो मान लाभलेला नाही. दहा येनचे एक नाणे टाकणे काहीजण टाळतात, कारण ‘तोओएन’ म्हणजे दूरचा संबंध; मात्र पाच येनची दोन नाणी चालतात. मूल्य तेच, उच्चार बदलताच फळ बदलते.

हा श्लेष निरुपद्रवी विनोद मानणेही चूक होईल. १९३७ नंतरच्या युद्धकाळात सैनिकासाठी स्त्रिया हजार टाक्यांचा पट्टा तयार करीत आणि त्यात पाच सेनचे नाणे शिवीत. त्याचे छिद्र शिवण्यास सोयीचेच होते. चार सेन म्हणजे ‘शिसेन’. मरणरेषा या अर्थाचा शब्दही ‘शिसेन’. पाच हे चारापलीकडचे, म्हणून नाणे बाळगणारा मरणरेषा ओलांडील, ही आशा. आईने वा पत्नीने शिवलेले ते नाणे कोणाचे रक्षण करू शकत नव्हते. परंतु जे उघडपणे बोलणे कठीण होते, ते या श्लेषाने बोलता आले. ‘मरू नकोस’ हे शब्द नाण्याच्या आड लपले.

या दृष्टीने पाहता पाच येनची प्रथा प्राचीन ठरत नाही. १८७१ च्या चलनसुधारणेनंतरचे पाच येनचे नाणे सोन्याचे होते. ते सहज दानपेटीत टाकण्यासारखे नव्हते. हलक्या किमतीच्या नाण्यास ‘गोएन’ हे नाव लाभले ते महायुद्धानंतरच. प्रथा अर्वाचीन आहे म्हणून ती खोटी आहे, असे मात्र नव्हे. मरणरेषेवरून संबंधाकडे झालेला हा अर्थाचा प्रवास त्या समाजाचा इतिहासच सांगतो. मराठीत नात्यास ‘ऋणानुबंध’ म्हणतात, तेथेही नाते आणि देणे एकाच शब्दात नांदतात. पण मराठी शब्द जुने देणे स्मरतो, तर जपानी नाणे नव्या संबंधाची याचना करते.

जानेवारी २०२२ मध्ये जपानच्या टपाल बँकेने नाण्यांच्या भरण्यावर शुल्क बसविले. प्रारंभीच्या दराने शंभर नाण्यांस ५५० येन पडत. म्हणजे पाच येनची शंभर नाणी भरणाऱ्या देवस्थानास पन्नास येनचा तोटा होई. काही देवस्थानांनी इलेक्ट्रॉनिक दानाचीही सोय केली आहे. शुभत्व उच्चारात असल्यामुळे पडद्यावरील पाचाचा आकडाही पुरेल, असे कोणी म्हणेल. परंतु श्लेषास दोन्ही अर्थ जिवंत असावे लागतात. हातातून सुटणारे नाणे व्यवहारातून नाहीसे झाले, तर ‘गोएन’ हा शब्द उरेल; त्यातील श्लेष उरणार नाही.