‘बंद पडणे’ आणि ‘बंद करणे’ : ड्राइव्ह-इन चित्रपटगृहांवरील मृत्युलेखांची एक चिकित्सा

एखादे जुने चित्रपटगृह बंद झाले म्हणजे त्याच्यावर मृत्युलेख लिहिण्याचा प्रघात आता चांगलाच रूढ झाला आहे. ड्राइव्ह-इन, म्हणजे आपल्या मोटारीत बसूनच चित्रपट पाहावयाचे उघड्यावरचे चित्रपटगृह, हा तर अशा लेखनाचा विशेष आवडता विषय होय. उघडे आकाश, घरून आणलेला डबा, मध्यंतरापूर्वीच मागच्या आसनावर झोपी गेलेले मूल, ही सामग्री स्मृतीला आयतीच सापडते. या लेखनातील भावना खोटी आहे असे आमचे म्हणणे नाही. येथे विचार करावयाचा आहे तो त्यातील एका क्रियापदाचा.

एकच घटना सांगण्यासाठी मराठीत निदान चार वाक्ये संभवतात : चित्रपटगृह बंद झाले, बंद पडले, मालकाने बंद केले आणि बंद करण्यात आले. ही वाक्ये समानार्थी नव्हेत. दुकान रोज रात्री नऊ वाजता ‘बंद होते’. ते नऊ वाजता ‘बंद पडते’ असे कोणीही म्हणणार नाही. बंद पडते ते घड्याळ, वाटेत मोटार, किंवा मुलांअभावी शाळा. जिने चालत राहावे अशी अपेक्षा असते, तिची गती आपोआप खुंटली, असा अर्थ ‘पडणे’ या क्रियापदाने येतो. ‘मालकाने बंद केले’ या वाक्यात तृतीयेतील कर्ता समोर उभा असतो. ‘बंद करण्यात आले’ या शासकीय मराठीला प्रिय असलेल्या रचनेत कर्ता लपविलेला असतो, पण तो आहे हे मान्य केलेले असते. ‘बंद पडले’ मध्ये मात्र व्याकरणातील कर्ता खुद्द चित्रपटगृहच ठरते. बाहेरच्या कोणासाठी त्या वाक्यात जागाच उरत नाही.

मृत्युलेखांना हे शेवटचे क्रियापद प्रिय असते, आणि त्याच्या पाठोपाठ कारणेही त्याच जातीची येतात : काळ बदलला, अभिरुची बदलली, दूरचित्रवाणी आली. ही सारी कारणे कर्तृत्वहीन आहेत. ती वस्तुस्थितीशी कितपत जुळतात हे पाहणे हे समीक्षकाचे काम होय.

पहिले ड्राइव्ह-इन रिचर्ड हॉलिंग्सहेड याने ६ जून १९३३ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात कॅम्डेन येथे सुरू केले. मोटारींच्या रांगा पायऱ्यांप्रमाणे मांडून प्रत्येक मोटारीचे पुढचे चाक किंचित उंचावर आणावयाचे, म्हणजे मागच्या मोटारीलाही पडदा दिसतो, ही त्याच्या रचनेतील मुख्य युक्ती. या युक्तीला जमीन भरपूर लागते आणि तिच्यावर मजले चढविता येत नाहीत. म्हणून ड्राइव्ह-इन उभे राहिले ते गावाच्या वेशीबाहेर, जेथे जमीन स्वस्त होती तेथे. १९५८ च्या सुमारास अमेरिकेत अशी ४,००० हून अधिक चित्रपटगृहे होती. आज ती शेकड्यांत मोजावी लागतात. १९६६ च्या कायद्यानंतर उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे नेण्याची पद्धत देशभर पसरली व खेळ उशिरा सुरू करावे लागले. घरोघरी दूरचित्रवाणी आणि पुढे व्हिडिओ आला. हे सर्व खरे. परंतु सर्वांत मोठी गोष्ट अशी की, शहर वाढत वाढत त्या स्वस्त जमिनीपर्यंत येऊन पोहोचले. जो गुण ड्राइव्ह-इनच्या जन्मास कारण झाला, तोच त्याच्या अंताचेही कारण ठरला.

कॅलिफोर्नियातील माँटक्लेअर येथील मिशन टिकी हे ड्राइव्ह-इन १९५६ मध्ये सुरू झाले आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याचा शेवटचा खेळ झाला. औद्योगिक इमारतींसाठी त्याची जमीन २०१९ मध्येच विकली गेली होती. मधल्या काळात, २०२० च्या महासाथीत, बंदिस्त चित्रपटगृहांना टाळे लागले असता ड्राइव्ह-इनकडे प्रेक्षकांचा ओघ उलट वाढला. तेव्हा मिशन टिकी ‘बंद पडले’ असे म्हणणे सरळ सरळ चूक आहे. ते बंद करण्याचा निर्णय झालेला होता. अंमलबजावणी तेवढी लांबली.

मुंबईचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे. वांद्र्याच्या पूर्वेस, आजच्या वांद्रे-कुर्ला संकुलाच्या परिसरात, एक ड्राइव्ह-इन होते. मिठी नदीकाठच्या दलदलीच्या जमिनीवर भराव पडून तेथे वित्तसंस्थांची कार्यालये उभी राहिली, आणि या शतकाच्या आरंभी ते ड्राइव्ह-इन नाहीसे झाले. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याच परिसरात जिओ वर्ल्ड ड्राइव्ह या व्यापारसंकुलाच्या गच्चीवर २९० मोटारींचे नवे ड्राइव्ह-इन उघडले. अभिरुची मेली असती तर ती गच्चीवर कशी उगवली असती? मेली नव्हती ती अभिरुची. अशक्य झाले होते ते एवढ्या मोलाच्या जमिनीने एकमजली राहणे. खेळ तोच, पण खाली दुकाने असल्याखेरीज त्याला आता जागा नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. काही चित्रपटगृहे खरोखरच बंद पडतात. २०१३ च्या सुमारास फितीऐवजी अंकीय प्रक्षेपकाची सक्ती होऊ लागली, तेव्हा लहान गावांतील अनेक मालकांना तो खर्च झेपला नाही. मग विलापात दोष कोणता? याचे उत्तर पीटर बोग्डानोविच याच्या ‘द लास्ट पिक्चर शो’ (१९७१) या चित्रपटात सापडते. टेक्ससमधील एका ओसाड होत चाललेल्या गावचे चित्रपटगृह तेथे मिटते. परंतु ते सांभाळणारा सॅम आधी मरताना आपल्याला कळतो. त्याच्यामागे ते चालविणारी वृद्धा पडद्यावर येते, ते बंद करीत असल्याचे आणि त्याची कारणे स्वतः सांगते. शेवटच्या खेळाला असलेले मोजके प्रेक्षकही दिसतात. हाही विलापच आहे, पण त्यात कर्ता आहे. त्या वृद्धेची अगतिकता आपल्याला भिडते, कारण बंद करणारे हात आपण पाहिलेले असतात.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या कापडगिरण्यांविषयी आपण सर्वांनी हेच क्रियापद वापरले : गिरण्या ‘बंद पडल्या’. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात पुढे व्यापारसंकुल उभे राहिले. गिरणी घड्याळासारखी थांबली असे एकदा म्हटले, की जमिनीचे पुढे काय झाले व ते कोणी ठरविले, हा प्रश्न वाक्याबाहेर पडतो. कामगारांच्या वाट्याला मग सहानुभूती तेवढी येते, हिशेब येत नाही.

म्हणून अशा लेखनाचा अभ्यास करणाऱ्यांनी प्रथम क्रियापद तपासावे, असे सुचवावेसे वाटते. ‘बंद पडले’ असे आढळल्यास कर्त्याचा शोध घ्यावा. तो न सापडल्यास विलाप खुशाल मान्य करावा. सापडल्यास वाक्य दुरुस्त करून मगच त्यावर मत द्यावे.