इंटरनेट प्रोटोकॉल : एकाच लिफाफ्यावरची भिस्त

कुकटपल्लीतील जवाहरलाल नेहरू तंत्रज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांचे निकाल, प्रवेश, शुल्क यांचे बरेचसे व्यवहार आज इंटरनेटवरूनच होतात. हे सारे इंटरनेट प्रोटोकॉल या एकाच नियमावलीवर चालते. एकावरच भिस्त ठेवणे धोक्याचे, असा आक्षेप त्यावर घेतला जातो. आक्षेप अगदीच चुकीचा नाही. पण तो नेमक्या जागी बोट ठेवत नाही.

१ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने जुनी पद्धत सोडून ही स्वीकारली. तिचे काम लिफाफ्याचे. वर पत्ता, आत काय आहे याची चौकशी नाही. उर्दू उजवीकडून आणि मराठी डावीकडून लिहितात, याचे तिला सोयरसुतक नाही. इनपेजमधला उर्दू वा श्रीलिपीतला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर उमटत नसे, तो दोष सामाईक लिपिसंकेत नसल्याचा होता. युनिकोड रुळल्यावर तो बराच दूर झाला. म्हणजे तिथे अडचण एकीची नव्हती, बेकीची होती.

खरी जोखीम वेगळीच. चौथ्या आवृत्तीत पत्ता ३२ बिटांचा, म्हणून एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. १२८ बिटांच्या सहाव्या आवृत्तीचा मसुदा १९९८ मध्येच प्रसिद्ध झाला होता. पण सारे जग जुनीवर विसंबलेले, मग आधी कोणी हलावे? तोड म्हणून एका पत्त्याआड अनेकांना बसवले गेले. केपीएचबी कॉलनीतील एखाद्या वसतिगृहातली शंभर मुले अशी एकाच पत्त्यामागे असतील आणि एकाच्या आगळिकीमुळे तो पत्ता एखाद्या संकेतस्थळाने रोखला, तर अर्जाच्या शेवटच्या दिवशी उरलेली नव्व्याण्णवही दाराबाहेर राहतात. २०१६ नंतर मोबाइल कंपन्यांनी भारतात सहावी आवृत्ती झपाट्याने पसरवली. मात्र दोन्ही आवृत्त्या एकमेकींशी थेट बोलत नाहीत. तेव्हा 'एकच प्रोटोकॉल' हे वर्णनही आता काटेकोर राहिलेले नाही.

प्रोटोकॉल एक असणे आणि रस्ता एक असणे यांची गल्लत मात्र टाळावी. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातील केबल तुटल्या आणि भारतातील इंटरनेट मंदावले. नियमावली शाबूत होती. तिच्यामुळेच वाहतूक उलट्या दिशेने, पूर्वेकडून वळवता आली. महाविद्यालयांनी दुसऱ्या कंपनीची जोडणी घेताना तार कोणत्या वाटेने येते हे आधी विचारावे. हैदराबादेत दोन कंपन्यांच्या तारा पुष्कळदा एकाच खांबाला लोंबकळताना दिसतात.