आकाश टॅबलेट आणि कर्नल-हेडरचा प्रश्न : एक चिकित्सा

११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश-२’ या टॅबलेटचे अनावरण झाले. त्यावरील चर्चा बहुतांशी किंमत, पडदा आणि विलंब यांभोवतीच फिरत राहिली. आयआयटी मुंबईच्या चमूने या यंत्रावर जीएनयू/लिनक्स आणले, ही अधिक मोलाची घटना मात्र उपेक्षित राहिली. प्रस्तुत लेखात या यंत्राच्या आयुर्मानाशी निगडित अशा एकाच अंगाचा, कर्नल-हेडरचा, विचार केला आहे.

हेडर फाइल हा कर्नल आणि त्यावर चालणारी आज्ञावली यांच्यातील करारनामा होय. सिस्टिम कॉलचे क्रमांक, संरचनांची मांडणी, ड्रायव्हरला द्यावयाच्या आज्ञांचे संकेतांक त्यात नोंदलेले असतात. (आपल्या वर्गात मात्र हेडर म्हणजे प्रोग्रॅमच्या माथ्यावर लिहावयाची एक ओळ, एवढेच शिकविले जाते.) सी-लायब्ररी याच फाइलींच्या आधारे बांधली जाते. जुन्या हेडरवर बांधलेली आज्ञावली नव्या कर्नलवर चालावी, हा लिनक्सचा दंडक आहे. उलट दिशेने तशी हमी नाही. म्हणूनच बिल्डरूट वापरताना हेडरची आवृत्ती यंत्रावरील कर्नलपेक्षा नवी नसावी, याची दक्षता घ्यावी लागते.

आकाश-२ मध्ये ऑलविनर कंपनीचा ए-१३ प्रोसेसर होता. अँड्रॉइड ४.० च्या काळातील अशा यंत्रांवर उत्पादकाचे ३.० मालिकेतील कर्नल असे. २०१७ मध्ये ग्लिबसी २.२६ ने किमान ३.२ कर्नलची अट सर्व प्रोसेसरांना लागू केली. परिणामी त्यानंतरच्या लायब्ररीला ३.० कर्नल पुरत नाही. मग नवे कर्नल का घेऊ नये? मूळ लिनक्समध्ये या प्रोसेसर-कुळाचा प्राथमिक आधार ३.८ पासून, म्हणजे २०१३ मध्ये आला. परंतु पडद्याचा ड्रायव्हर ४.७ मध्ये, २०१६ साली आला आणि त्याचा करार उत्पादकाच्या खासगी हेडरहून सर्वस्वी निराळा होता. त्या खासगी हेडरवर बांधलेले प्रोग्रॅम नव्या कर्नलवर निरुपयोगी ठरतात. इकडे आड, तिकडे विहीर!

मुंबईच्या चमूचे श्रेय यामुळे उणावत नाही. अडचण योजनेच्या मूल्यमापनात होती. केळापूर-पांढरकवडा परिसरातील महाविद्यालयात एकदा आलेले यंत्र सहजासहजी बदलले जात नाही. तेथे पडद्याच्या इंचांपेक्षा कर्नलची मालिका कोणती आणि ड्रायव्हरचे हेडर मूळ लिनक्समध्ये आहेत की नाहीत, हे प्रश्न खरेदीपूर्वी विचारले जाणे अधिक अगत्याचे होते.