मोजणीबाहेरचा सायकलस्वार

वाहतूकशास्त्रात 'कॅप्टिव्ह' असा एक शब्द आहे. दुसरे वाहन परवडत नाही म्हणून सायकल चालवणारा तो कॅप्टिव्ह, म्हणजे बंदिवान. दारात मोटार असून हौसेने सायकल काढणारा तो 'चॉइस' प्रवासी. या विषयाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. अहवाल आणि जनगणनेचे तक्ते वाचतच शिकलो. पण हा शब्द प्रथम वाचला तेव्हा कॅरिअरला डबा अडकवून तीस वर्षे कारखान्यात जाणारे माझे वडील आठवले.

शब्द निरुपद्रवी नाही. बंदिवान सायकल सोडून जाणार कुठे? मग सोयी आखल्या जातात त्या मोटारवाल्याला सायकलकडे वळवण्यासाठी. रस्ता वाहनांसाठी नव्हे, माणसांसाठी, हे तत्त्व २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने मांडले. तरी २०१३ मध्ये कोलकात्यात १७४ रस्त्यांवर सायकलबंदी आली. झळ बसली ती दूधवाल्यांना, पेपरवाल्यांना. २०१७ मध्ये पुण्याने सायकल आराखडा मंजूर केला. त्याच वर्षअखेरीस भाड्याच्या सायकली आल्या, त्यांचे कुलूप मात्र स्मार्टफोनने उघडणारे.

मोजणीतही हीच गफलत आहे. २०११ च्या जनगणनेत कामावर जाण्याचे साधन विचारले गेले, पण केवळ 'इतर कामगारां'ना. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातील माणसे त्यातून वगळली गेली. शाळेला जाणारी मुलगी, दळण आणणारी गृहिणी तर कामगारच नव्हेत. सायकल असलेल्या शहरी कुटुंबांचे प्रमाण २००१ ते २०११ या काळात ४६ वरून सुमारे ४२ टक्क्यांवर उतरले, ग्रामीण भागात ते वाढले. शहरी घसरणीला आपण प्रगती म्हणून मोकळे होतो. सायकल सोडणाऱ्यांपैकी किती जण दुचाकीवर गेले आणि किती जण भीतीपोटी पायी चालू लागले, हे तो आकडा सांगत नाही.

याउलट बिहारने २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकली दिल्या. अभ्यासकांना त्या वयोगटातील मुलींची माध्यमिक शाळेतील नोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढलेली आढळली. ज्यांच्यापुढे पर्याय नव्हता, त्यांच्यापासून तिथे सुरुवात झाली.

आपल्या आराखड्यांची कसोटी हीच असावी. मार्ग आखण्याआधी पहाटे पाच वाजता चौकात उभे राहून कोण सायकलवरून जाते ते मोजावे. बंदिवान म्हणून ज्यांना बाजूला सारले, तेच या शहरांचे सर्वांत जुने सायकलस्वार आहेत.