शिक्का आंब्यावर, हिशेब कोणाकडे?

पेटीवर 'देवगड' छापलेले असले म्हणजे आतला हापूस देवगडचाच असतो, असे आता कोणी छातीठोकपणे म्हणत नाही. कर्नाटकातला हापूस देवगडच्या नावाने विकला जातो, ही सिंधुदुर्गातल्या बागायतदारांची जुनी तक्रार आहे. यात नुकसान तिघांचे होते. देवगडच्या बागायतदाराचा भाव पडतो आणि गिऱ्हाईक जादा पैसे मोजून फसते. शिवाय कर्नाटकातल्या शेतकऱ्याचा माल चांगला असला तरी त्याला स्वतःचे नाव मिळत नाही. यावर उपाय म्हणून देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामापासून प्रत्येक आंब्यावर स्वतंत्र क्रमांकाचा शिक्का चिकटवण्याची योजना आणली. योजना स्वागतार्ह आहे, आणि म्हणूनच ती नीट तपासून पाहणे आम्हांला आवश्यक वाटते.

योजना थोडक्यात अशी आहे. कागदी शिक्क्यावर क्रमांकाचा एक भाग वर दिसतो, तर दुसरा भाग शिक्का फाडल्यावरच दिसतो. गिऱ्हाइकाने शिक्क्याचे छायाचित्र मोबाइलवरून ठरावीक क्रमांकावर पाठवायचे. मग यंत्रणा आतला क्रमांक विचारते, आणि दोन्ही जुळले की आंबा कोणत्या बागायतदाराचा व कोणत्या गावचा आहे ते कळवते. बागायतदाराला किती शिक्के द्यायचे, हे त्याच्या झाडांची संख्या आणि उत्पादन यांवरून ठरते.

येथे कोणी विचारील की, एवढा खटाटोप कशासाठी? प्रयोगशाळेत आंबा तपासून त्याचे गाव सांगता येणार नाही का? हापूसची लागवड कलमे बांधून होते. कलम म्हणजे मूळ झाडाचीच प्रत. त्यामुळे देवगडचा हापूस आणि धारवाडचा हापूस यांच्या आनुवंशिक घटकांत गावाची खूण सापडत नाही. ती तपासणी जात सांगते, जागा सांगत नाही. माती आणि पाणी यांतून फळात उतरणाऱ्या मूलद्रव्यांच्या व समस्थानिकांच्या प्रमाणावरून जागेचा अंदाज बांधता येतो, आणि परदेशात मद्य, मध अशा पदार्थांसाठी ही पद्धत वापरली जाते. पण त्यासाठी आधी त्या त्या भागातल्या अनेक नमुन्यांची नोंद हवी, आणि तपासलेले फळ परत विकता येत नाही. रोजच्या बाजारात म्हणून फळाऐवजी फळाच्या नोंदीवर विसंबावे लागते.

आता नोंदीवर विसंबायचे, तर ती किती भक्कम आहे? समजा, एखाद्या भामट्याने एका खऱ्या शिक्क्याचे दोन्ही भाग मिळवले आणि त्याच्या १०० नकला करून १०० आंब्यांवर लावल्या. यंत्रणा विचारणा मोजत असेल, तर एकच क्रमांक दुसऱ्यांदा विचारला गेला की लबाडी उघड होईल. दर ५० गिऱ्हाइकांपैकी एकानेच विचारणा केली, तरी किमान दोन विचारणा येण्याची शक्यता सुमारे ६० टक्के आहे. पण ५०० पैकी एकानेच विचारले, तर तीच शक्यता २ टक्क्यांहूनही कमी होते. शिक्का तोच आणि तंत्रही तेच, फरक फक्त विचारणाऱ्यांच्या संख्येत आहे. शिक्का पाहूनच ज्याचे समाधान होते, त्या गिऱ्हाइकाला शिक्क्याचा काही उपयोग नाही.

दुसरी अडचण अधिक अवघड आहे. शिक्का खरा आणि आंबा खोटा असला तर? क्रमांक कागदावर आहे, फळाच्या सालीत नाही. एखाद्याकडे शिल्लक राहिलेले शिक्के दुसरीकडून आणलेल्या आंब्यांवर लागले, तर यंत्रणा त्यांना देवगडचेच म्हणेल. नोंदी नंतर बदलता येऊ नयेत म्हणून साखळीने बांधण्याच्या नव्या संगणकीय पद्धतीही येथे उपयोगी पडत नाहीत. त्या लिहिलेले जपतात. मुळात खोटे लिहिले असेल, तर तेही तितक्याच इमानाने जपतात.

यावर आमच्या मते एकच खात्रीचा इलाज आहे, आणि तो म्हणजे उघडा हिशेब. कोणत्या गावात नोंदलेली झाडे किती, शिक्के किती वाटले, परत किती आले आणि विचारणा किती झाल्या, हे चार आकडे हंगामाच्या अखेरीस सर्वांसमोर यावेत. हापूस दरवर्षी सारखा धरत नाही. ज्या वर्षी गावात आंबा कमी आला, त्या वर्षी त्या गावचे शिक्के मात्र पूर्वीइतकेच संपले असतील, तर ती विसंगती शाळेतला मुलगाही दाखवून देईल. बागायतदाराची खाजगी माहिती उघड करण्याची गरज नाही, गावाची बेरीज पुरे. शिक्के देणारा आणि आंबे विकणारा पक्ष एकच असतो, तेव्हा हिशेब तपासणारा तिसरा हवा. हा तिसरा म्हणजे सरकारी अधिकारीच असावा असे नाही. आकडे खुले असतील, तर कोणीही ते काम करू शकतो.

संगणकाच्या क्षेत्रात मुक्त आज्ञावलींची परंपरा याच विचारावर उभी आहे. आज्ञावली सर्वांना वाचता येते, म्हणून तिच्यातील चूक कोणालाही शोधता येते. खाद्यपदार्थांच्या बाबतीत फ्रान्समध्ये २०१२ साली सुरू झालेला 'ओपन फूड फॅक्ट्स' हा उपक्रम असाच आहे. वेष्टनावरील घटक आणि पोषणमूल्ये स्वयंसेवक त्यात नोंदवतात आणि ती माहिती कोणालाही वापरता येते. अशा नोंदीतही चुका असतात. पण त्या दिसतात, म्हणून दुरुस्त होतात.

शिक्क्याबद्दलचा आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. मूळ ठिकाण आणि दर्जा हे दोन वेगळे प्रश्न आहेत. देवगडच्या अस्सल आंब्यातही साका निघू शकतो, आणि तो कापल्याशिवाय कळत नाही. आंबा आढीत पिकवला की बंदी असलेल्या कॅल्शियम कार्बाइडने, हेही क्रमांक सांगत नाही. 'अल्फान्सो' या नावाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. म्हणजे मानांकन पाच जिल्ह्यांचे, तर शिक्का एका तालुक्याचा. गिऱ्हाइकाने या दोहोंची गल्लत करू नये.

मूळ ठिकाण आणि दर्जा एकत्र बांधता येतात, हे महाराष्ट्रानेच दाखवले आहे. २००३ साली युरोपात भारतीय द्राक्षांमध्ये कीटकनाशकांचे अवशेष आढळले. त्यानंतर अपेडा या केंद्रीय संस्थेने २००६ साली 'ग्रेपनेट' ही व्यवस्था उभी केली. तीत निर्यातीच्या प्रत्येक बागेला नोंदणी क्रमांक असतो, बागेतून नमुना घेऊन प्रयोगशाळेत तपासला जातो आणि तो अहवाल त्याच क्रमांकाला जोडला जातो. नमुना नापास झाला, तर त्या बागेचा माल पुढे जात नाही. अशी कडक व्यवस्था आली ती परदेशी गिऱ्हाइकाने माल नाकारण्याची धास्ती होती म्हणून. देशी गिऱ्हाईक मात्र पेटी उघडून वास घेतो आणि पैसे देतो. त्याने विचारायला सुरुवात केली, तर त्याच्यासाठीही तशी व्यवस्था उभी राहील.

विचारण्याची ही सवय शाळेत लावता येते. मुलांना घरातील वस्तूंवरचे तेरा अंकी पट्टीसंकेत उतरवून आणायला सांगावे. डावीकडून विषम स्थानांवरचे अंक तसेच घ्यावेत, सम स्थानांवरच्या अंकांना तिनाने गुणावे आणि सगळ्यांची बेरीज करावी. बेरजेला दहाने पूर्ण भाग गेला पाहिजे. मग एक अंक मुद्दाम चुकवावा आणि चूक कशी पकडली जाते ते पाहावे. नंतर खरा प्रश्न विचारावा. हा गणिताचा नियम पाळून खोटा संकेत तयार करता येईल का? अर्थातच येईल. तसेच ८९० ने सुरू होणारा संकेत म्हणजे भारतात बनलेली वस्तू, हा समजही तपासावा. ८९० एवढेच सांगतो की, तो क्रमांक भारतातील संस्थेने दिला आहे. वस्तू कोठे बनली, हे त्यातून कळत नाही.

देवगडच्या शिक्क्याने बागायतदाराला एक साधन दिले आहे. ते किती धारदार ठरेल, हे विचारणाऱ्या गिऱ्हाइकांवर आणि उघड्या हिशेबावर अवलंबून राहील. आंब्याच्या पुढच्या हंगामात मुलांनी घरी आलेल्या प्रत्येक शिक्क्याची विचारणा करून मिळालेले उत्तर वहीत लिहावे. विज्ञानाच्या तासाला याहून गोड प्रयोग आम्हांला तरी सुचत नाही.