लक्ष्मीबाईंची मंडळी

'मंडळी' या शब्दाचे दोन अर्थ आता जरा मागे पडलेत. आपल्या पणजोबांच्या पिढीतले पुरुष 'आमची मंडळी माहेरी गेलीय' म्हणायचे, तेव्हा त्यांना बायको म्हणायचं असायचं. नाव घ्यायची चोरी, म्हणून हा शब्द. आणि मराठी ख्रिस्ती माणूस 'आमची मंडळी' म्हणतो तेव्हा तो चर्चबद्दल बोलत असतो. इमारतीबद्दल नव्हे, उपासनेला जमणाऱ्या माणसांबद्दल.

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक आपण गेली नव्वद वर्षं पहिल्या अर्थानेच वाचत आलोय. एका तापट, उदार, विक्षिप्त कवीची हजरजबाबी बायको. शाळेत भेटलेली लक्ष्मीबाई बहुधा हीच असते. शांता गोखले यांनी २०१७ साली केलेल्या इंग्रजी अनुवादाच्या उपशीर्षकातही 'वाइफ' हा शब्द आहेच. हे वाचन खोटं नाही, पण अर्धं आहे. दुसऱ्या अर्थाने वाचलं तर हेच पुस्तक एका वेगळ्या प्रश्नाबद्दल बोलू लागतं: 'सगळ्यांना आत घेऊ' म्हणणाऱ्या घरात, चर्चमध्ये, समाजात नेमकं काय घडतं आणि त्याचा भार कुणाच्या खांद्यावर पडतो?

धुतलेलं मीठ

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंचे वडील सोवळ्याच्या पार आहारी गेले. बाजारातून आलेली मीठ-साखरसुद्धा धुऊन घ्यायची, इथवर मजल. अकराव्या वर्षी लग्न झालं ते नारायण वामन टिळकांशी. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. मग लक्ष्मीबाई मुलाला घेऊन अहमदनगरला नवऱ्याकडे गेल्या, पण धर्म, चूल आणि पाणी वेगळं ठेवून. १९०० साली राहुरीला त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला.

या दोन बाप्तिस्म्यांमधलं अंतर हा पुस्तकाचा खरा गाभा आहे. टिळक ग्रंथ वाचून, वाद घालून, स्वप्नं पाहून ख्रिस्ताकडे गेले. लक्ष्मीबाईंचा रस्ता स्वयंपाकघरातून गेला. देवाने माणूस घडवला, जाती माणसांनी केल्या, हे त्यांना आधी उमगलं. त्यानंतर कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरलं आणि धर्म बदलला तो आणखी पुढे. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्या बाईच्या माहेरी मीठ धुतलं जायचं, तिने तत्त्व मान्य करणं ही एक गोष्ट आणि दुसऱ्याच्या हातचा पेला ओठाला लावणं ही वेगळीच. मन एका रात्रीत वळतं, घशाला वेळ लागतो. लक्ष्मीबाई हा वेळ लपवत नाहीत. स्वतःच्या सोवळ्याची टिंगल त्या करतात, पण ते कधी नव्हतंच असं दाखवत नाहीत.

ख्रिस्ती उपासनेच्या मध्यभागी प्रभुभोजन असतं. एक भाकर, एक प्याला, सगळ्यांनी वाटून घ्यायचा. सोवळ्यात वाढलेल्या बाईला हा विधी कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याची किंमत तिला कोणत्याही मिशनऱ्यापेक्षा जास्त कळत होती.

दरबारात चूल कुठे असते?

टिळकांना मिशनचं चर्च पुरेसं मोकळं वाटत नव्हतं. ते तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलेले. त्यांना कीर्तन हवं होतं, भजन हवं होतं, आणि परदेशी पगारावर न चालणारी मंडळी हवी होती. १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. ख्रिस्ताला गुरू मानणारा कुणीही या, अशी हाक. आज ज्याला आपण 'सर्वसमावेशक' म्हणतो तशा चर्चचा हा मराठीतला धाडसी प्रयोग. पण ९ मे १९१९ रोजी टिळक गेले आणि दोन वर्षांचा दरबार त्यांच्यामागे उभा राहू शकला नाही.

समीक्षक या दरबाराकडे भारतीय ख्रिस्ती विचारातला एक टप्पा म्हणून पाहतात, आणि तो तसा आहेच. मला मात्र त्याचं नाव खटकतं. दरबारात सिंहासन असतं, मुजरे असतात, राजासमोर सगळे सारखे असतात. चूल मात्र कुठे दिसत नाही. येणाऱ्यांच्या जेवणाचं कोण बघतं, हा प्रश्न दरबाराच्या कल्पनेत उमटतच नाही.

'स्मृतिचित्रे'त तो पानोपानी उमटतो. टिळक पाहुणे आणतात, अनाथ पोरं आणतात, खिशातले पैसे वाटेत कुणाला तरी देऊन येतात. आलेल्याला दार उघडं असतं ते टिळकांचं आणि ताट येतं ते लक्ष्मीबाईंकडून. दुष्काळात पोरकी झालेली नकुशी याच घरात येते. बालकवी ठोंबरे नगरला याच घरात राहतात. हिंदू तरुण कवी, ख्रिस्ती घर, आणि त्याला आईसारखं जपणारी ही बाई. साताऱ्याच्या कितीतरी आधी आणि कोणतंही नाव न घेता एक दरबार तिथे भरत होता, इतकंच.

लक्ष्मीबाईंच्या विनोदाचं कामही इथे कळतं. टिळकांच्या औदार्यावर त्या हसतात, पण ते हसणं लाडाचं जेवढं, तेवढंच हिशेबाचं आहे. हिशेब ठेवणारं कुणीतरी असल्याशिवाय उदार माणसाचं घर चालत नाही, हे त्या न रागावता सांगतात. स्वागताची मोठी भाषा बोलणाऱ्या कुठल्याही संस्थेत, मग ती चर्च असो, आश्रम असो की पुरोगामी संघटना, हा प्रश्न विचारून बघावा: चहाचे कप कोण धुतं?

ओंजळीच्या दुसऱ्या बाजूला

या पुस्तकाची एक मर्यादाही आहे आणि ती आदराने सांगायला हवी. 'स्मृतिचित्रे'तली मोठी घटना म्हणजे एका ब्राह्मण बाईने दुसऱ्याच्या हातचं पाणी पिणं. पण पाणी देणाऱ्या हाताला त्या क्षणी काय वाटलं? नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळ्या प्रामुख्याने महार-मांग समाजातून उभ्या राहिल्या. त्यांच्यासाठी जात ओलांडणं म्हणजे सोवळं सोडणं नव्हतं. त्यांनी काय सोडलं, काय मिळवलं, आणि टिळकांसारखं घर आपल्यात आल्यावर बाकावरच्या जागा बदलल्या का, हे त्यांच्या बाजूने पुस्तकात येत नाही. लक्ष्मीबाईंच्या प्रामाणिकपणामुळेच ही पोकळी दिसते. दुसऱ्याच्या वतीने बोलायचा आव त्या आणत नाहीत.

दोन रस्त्यांवरचे दोन तालुके

टिळकांच्या आयुष्याचा नकाशा मांडला तर कल्याण, नाशिक आणि नगर ही तीन गावं ठळक दिसतात. कल्याणला ते लहानपणी चार वर्षं शिकले. कल्याणहून नाशिकला निघालेली गाडी आसनगाव, खर्डी, कसारा करत शहापूर तालुक्यातून जाते. कल्याणहून नगरला निघालेला रस्ता मुरबाड ओलांडून माळशेज घाट चढतो. म्हणजे या कथेची टोकं जोडणारे दोन्ही रस्ते या दोन तालुक्यांमधून जातात. म्हणून लक्ष्मीबाईंची मोजपट्टी मी इथे लावून पाहतोय.

ठाकूर, कातकरी, महादेव कोळी पाड्यांच्या या मुलखात एखादी मंडळी सगळ्यांना आत घ्यायचं म्हणते, तेव्हा पहिला पेच कायद्याचा येतो. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. त्यामुळे कातकरी बाई ख्रिस्ती झाली तरी तिचा दाखला कायम राहतो. अनुसूचित जातीचं तसं नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने तो दर्जा हिंदूंपुरता ठेवला, पुढे शीख आणि बौद्धांना दिला. ख्रिस्ती झालेल्याला तो नाही. एकाच सतरंजीवर बसून एकच भाकर मोडणाऱ्या दोघींना सरकार दोन मापांनी मोजतं. त्यात धर्म बदललेल्या आदिवासींना यादीतून वगळा ही मागणीही जोर धरतेय. अशा वेळी उपासनेला जाणं ही निव्वळ श्रद्धेची गोष्ट राहत नाही.

दुसरा पेच भाषेचा. मराठी बायबल छापील मराठीत आहे, पाळकाचं प्रवचनही बहुधा तशाच भाषेत. कातकरी किंवा ठाकरी बोलीत प्रार्थना करणाऱ्या बाईला मंडळीत पाठीमागची जागा मिळते की पुढची?

आणि तिसरा, लक्ष्मीबाईंचाच पेच: पाणी. १८९२ साली पूर्ण झालेलं तानसा धरण शहापूर तालुक्यात आहे. भातसाही इथलंच, आणि मुंबईच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा. त्याच तालुक्यात एप्रिल-मे उजाडला की पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते आणि हंडा बायकांच्याच डोक्यावर असतो. 'तुझ्या हातचं पाणी आम्हाला चालतं' एवढं म्हणून इथे भागत नाही. ते पाणी तिने किती लांबून आणलं, हे विचारणारी मंडळी असेल तरच सर्वांना सामावून घेण्याच्या गोष्टीला अर्थ आहे.

हे अशक्य नाही. २०१४ पर्यंत याच ठाणे जिल्ह्यात असलेल्या वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या लढ्यात विहिरी, शेती आणि टँकरने होणारा पाणीउपसा हे विषय हाती घेतले. त्यात त्यांनी धर्माची अट ठेवली नाही. 'सुबोध बायबल' लिहिणारा माणूस आणि पाण्यासाठी रस्त्यावर उतरणारा माणूस एकच होता.

आणि आपला दरबार?

दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा ते ख्रिस्ती धर्मगुरू आहेत म्हणून विरोध झाला. संमेलन पार पडलं, मराठी साहित्याने ते निभावलं. पण तेवढ्यावर आपण स्वतःला शाबासकी देऊ नये. लक्ष्मीबाईंना आपण आत घेतलंय ते पायातल्या वहाणांसारखं त्यांचं चर्च दाराबाहेर काढून ठेवायला लावून. त्यांचा विनोद आपला, त्यांची भाषा आपली, त्यांचा धर्म मात्र 'टिळकांमुळे ओढवलेली घटना'. ज्या बाईने टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हाती घेऊन चौसष्ट अध्याय लिहिले, तिची श्रद्धा नवऱ्याची सावली कशी असेल?

'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचा. पन्नास-पन्नास पानं, लोकलमध्ये, फोनवर, कशीही. जिथे जिथे कुणी पाणी मागतं, देतं किंवा नाकारतं, तिथे थांबा. आणि एक पुस्तक अजून यायचंय हे ध्यानात ठेवा: खर्डीच्या किंवा टोकावड्याच्या बाजूच्या एखाद्या पाड्यावरची बाई, रविवारी मंडळीत जाणारी, तिच्या बोलीत लिहिलेलं. लक्ष्मीबाईंचंही फारसं शिक्षण झालेलं नव्हतं. त्यांनी बोलल्यासारखं लिहिलं आणि मराठी गद्याला ते पुरलं.